घरचा वायफाय राउटर: कधी बदलायचा, कोणता घ्यायचा आणि कुठे ठेवायचा

प्लॅन १०० एमबीपीएसचा, बिल दर महिन्याला वेळेवर, आणि बेडरूममध्ये साधी रीलसुद्धा गोल गोल फिरत बसते. असं झालं की बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. प्लॅन वाढवतात, नाहीतर ऑनलाइन जाऊन सगळ्यात जास्त अँटेना असलेला राउटर मागवतात. पैसे दोन्हीकडे जातात आणि बेडरूममधलं नेट बऱ्याचदा होतं तसंच राहतं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, राउटर बनवत नाही. पण नात्यातली ‘कम्प्युटरवाली’ मीच असल्यामुळे गेल्या पाच-सहा वर्षांत वीसेक घरांतल्या राउटरची सेटिंग्ज उघडून बघितली आहेत. त्यातल्या निम्म्याहून अधिक घरांना नवीन राउटरची गरजच नव्हती. म्हणून खरेदीच्या आधी तपासणी, आणि मग खरेदी, या क्रमाने जाऊया.

भिंतीवरचा डबा नेमका काय आहे?

फायबर कनेक्शन असेल तर घरात जो डबा बसवलाय त्याला ओएनटी म्हणतात. बारीक काचेच्या तारेतून येणारा प्रकाश विजेच्या सिग्नलमध्ये बदलणं हे त्याचं मुख्य काम. जिओ, एअरटेल, बीएसएनएल किंवा गल्लीतला केबलवाला, कोणाचंही फायबर असो, हा डबा लागतोच. आजकाल त्याच डब्यात राउटर आणि वायफायही असतं, त्यामुळे आपण सगळ्यालाच ‘राउटर’ म्हणून मोकळे होतो. पण खरेदीच्या वेळी हा फरक महत्त्वाचा आहे. बाजारातून आणलेल्या साध्या राउटरला फायबरची तार लागतच नाही. तो ओएनटीच्या जागी येत नाही, ओएनटीच्या मागे जोडला जातो. दुकानातून राउटर आणून ‘यात ही हिरव्या टोकाची वायर कुठे घालू?’ असा फोन मला वर्षातून दोनदा तरी येतो.

अजून एक: ओएनटी बहुतेक वेळा कंपनीच्या मालकीचा असतो. कनेक्शन बंद करताना परत द्यावा लागतो. तो फेकू नका, विकू नका.

दोष राउटरचाच आहे का?

डब्यापासून दोन मीटरवर उभं राहा, मधे भिंत नको, फोन ५ गिगाहर्ट्झच्या नावाला जोडा आणि स्पीड टेस्ट करा. दुपारी एकदा, रात्री दहाच्या सुमाराला एकदा.

दोन्ही वेळा प्लॅनच्या जवळपास स्पीड आला तर कंपनीची लाइन ठीक आहे. तुमची अडचण डब्यापासून खोलीपर्यंतच्या वाटेत आहे, आणि तिथे राउटर, जागा किंवा वायर बदलून फरक पडतो. दुपारी ९५ आणि रात्री २० येत असेल तर संध्याकाळी सगळी गल्ली एकदम नेटवर आल्यावर ऑपरेटरची लाइन भरते आहे. अशा वेळी दहा हजारांचा राउटर लावला तरी २० चे २१ होणार नाहीत. खात्री करायची असेल तर लॅपटॉप वायरने जोडून तीच टेस्ट करा. वायरवरही कमी आलं की स्क्रीनशॉट घेऊन ऑपरेटरकडे तक्रार करायची.

डब्यावरचे दिवे पण बघा. ‘पॉन’ लिहिलेला दिवा स्थिर हिरवा हवा. ‘लॉस’ हा दिवा लाल लुकलुकत असेल तर प्रकाशच पोचत नाहीये. तार कुठेतरी तुटली किंवा चेपली आहे. कपाटाच्या दारात किंवा खिडकीच्या फटीत काटकोनात वाकलेली फायबरची तार मी खूप घरांत बघितली आहे. काचेची तार आहे ती, विजेच्या वायरसारखी घडी घालून चालत नाही. सेटिंग्जमध्ये ऑप्टिकल पॉवर दिसते, ती उणे १५ ते उणे २५ डीबीएमच्या दरम्यान असली तर निश्चिंत राहा. उणे २७ च्याही खाली गेली तर लाइनमनला बोलवा. आणि तार काढून टोकाकडे डोळा लावून बघू नका. त्यातला लेझर डोळ्यांना दिसत नाही, पण असतो.

एक हिशोब इथेच करून टाकते. स्पीड टेस्ट मेगाबिटमध्ये दाखवते, डाउनलोड बऱ्याचदा मेगाबाइटमध्ये. ८ बिटचा एक बाइट. म्हणजे १०० एमबीपीएसच्या लाइनवर फाइल सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ एमबीने उतरणार. ‘१०० म्हणाले आणि १२ च देतात’ या तक्रारीत कंपनीचा काही दोष नसतो. एचडी व्हिडिओला साधारण ५ एमबीपीएस पुरतात, ४के ला १५ ते २५. चौघांच्या घरात १०० चा प्लॅन अगदी व्यवस्थित चालतो, जर ते १०० खोलीपर्यंत पोचले तर.

२.४ आणि ५ चं भांडण

वायफाय मुख्यतः दोन बँडवर चालतं: २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. तुमच्या वायफायच्या नावापुढे ‘५जी’ असं लिहिलेलं दिसतं त्याचा मोबाइलच्या ५जी शी काहीही संबंध नाही, ते ५ गिगाहर्ट्झ आहे.

२.४ लांब जातो, भिंती बऱ्यापैकी ओलांडतो. पण त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. आता पुण्यातल्या किंवा ठाण्यातल्या कुठल्याही सोसायटीत फोनवरची वायफायची यादी उघडा. वीस-पंचवीस नावं सहज दिसतील. तीन रस्त्यांवर पंचवीस घरांची गर्दी, वर ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात. म्हणून सिग्नलच्या काड्या पूर्ण दिसतात आणि नेट चालत नाही. काड्या सिग्नलचा जोर सांगतात, गर्दी सांगत नाहीत.

५ गिगाहर्ट्झमध्ये जागा भरपूर. भारतात ऑक्टोबर २०१८ मध्ये सरकारने या बँडचा मोठा भाग विनापरवाना वापरासाठी मोकळा केला, त्यामुळे चॅनेलची टंचाई नाही. पण त्याची झेप कमी. एक विटांची भिंत जेमतेम, आरसीसी स्लॅब आला की संपलं.

तुमच्या खोलीत नेमकं काय पोचतंय हे मोजता येतं. अँड्रॉइडवर वायफाय ॲनालायझर प्रकारचं कुठलंही ॲप घ्या; आयफोनवर ॲपलच्या एअरपोर्ट युटिलिटी ॲपमध्ये वायफाय स्कॅनर आहे, तो आधी सेटिंग्जमधून चालू करावा लागतो. आकडा उणे येतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ५० म्हणजे मस्त. उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल आरामात होतात. उणे ७५ च्या पुढे कॉल अडखळायला लागतो आणि उणे ८० नंतर फोन फक्त जोडलेला दिसतो. हा आकडा प्रत्येक खोलीत घेऊन कागदावर लिहा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि पुढचा सगळा खर्च यावर ठरतो.

वायफाय ५, ६, ७: किती मनावर घ्यायचं?

पूर्वी ८०२.११एसी, ८०२.११एएक्स अशी नावं होती. २०१८ मध्ये वायफाय अलायन्सने साधे क्रमांक दिले. ८०२.११एन म्हणजे वायफाय ४, एसी म्हणजे ५, एएक्स म्हणजे ६, बीई म्हणजे ७.

वायफाय ५ बद्दल एक गोष्ट खोक्यावर कुणी लिहीत नाही: तो फक्त ५ गिगाहर्ट्झवर आहे. त्या राउटरचा २.४ वाला भाग वायफाय ४ चाच असतो. वायफाय ६ मध्ये दोन्ही बँड सुधारले, आणि एकाच वेळी अनेक उपकरणांना चॅनेलचा थोडा थोडा भाग वाटून देण्याची पद्धत आली. त्यामुळे एकट्या फोनवर स्पीड टेस्ट करून वायफाय ६ चा फायदा फारसा दिसत नाही. सहा पोरांच्या पीजीत, जिथे बारा फोन, चार लॅपटॉप आणि एक टीव्ही एकाच डब्यावर आहेत, तिथे दिसतो.

वायफाय ७ चं प्रमाणीकरण जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं. त्याची खरी ताकद ६ गिगाहर्ट्झ बँडमधल्या रुंद चॅनेलमध्ये आहे. आपल्याकडे या बँडचा खालचा भाग घरगुती वापरासाठी खुला करण्याचे मसुदा नियम दूरसंचार विभागाने मे २०२५ मध्ये काढले. महागडा राउटर घेण्याआधी विक्रेत्याला सरळ विचारा की भारतात विकलं जाणारं हे मॉडेल ६ गिगाहर्ट्झ चालू करतं का. स्वस्तातले बरेच वायफाय ७ राउटर २.४ आणि ५ एवढेच देतात. शिवाय तुमचा फोन वायफाय ७ चा आहे का? नसेल तर राउटर खाली उतरून फोनच्याच भाषेत बोलणार.

माझं मत: आज घरासाठी नवीन घेत असाल तर वायफाय ६ घ्या, ७ साठी जास्तीचे पैसे मोजू नका. वायफाय ५ चा ड्युअल बँड राउटर आधीच घरात असेल आणि तो नीट चालत असेल तर फक्त आकड्यासाठी बदलू नका.

खोक्यावरचे आकडे आणि मागचं पोर्ट

‘एसी१२००’ म्हणजे १२०० एमबीपीएस मिळणार असं वाटतं. ती दोन्ही बँडची बेरीज आहे: २.४ वर ३०० आणि ५ वर ८६७. तुमचा फोन एका वेळी एकाच बँडवर असतो. तसंच ‘एएक्स१५००’ म्हणजे ३०० अधिक १२०१, ‘एएक्स३०००’ म्हणजे ५७४ अधिक २४०२. हे सगळे कागदावरचे आकडे. हातात साधारण निम्मं ते दोन तृतीयांश येतं. त्यात बजेट फोनमध्ये वायफायची अँटेना एकच असते. एक अँटेनाचा वायफाय ५ फोन कितीही महागड्या राउटरला जोडला तरी लिंक स्पीड ४३३ च्या वर जात नाही. अँड्रॉइडमध्ये वायफायच्या नावापुढचं चक्र दाबा, लिंक स्पीड तिथेच दिसतो.

अँटेनांच्या संख्येवर तर मी जाऊच नका म्हणते. बाहेर दिसणाऱ्या काड्या चार असोत की आठ, किती ताकदीने सिग्नल सोडायचा यावर नियमांची मर्यादा आहे.

खोक्यावर लहान अक्षरांत असतं आणि खरं महत्त्वाचं असतं ते म्हणजे मागची पोर्ट. बरेच स्वस्त राउटर, त्यात ‘एसी१२००’ वालेही आले, फक्त १०० एमबीपीएसची पोर्ट देतात. लाइन ३०० ची असली तरी अशा राउटरमधून ९४-९५ च्या पुढे काही येत नाही. स्पीड टेस्ट कितीही वेळा केली तरी ९४ वरच अडकते आहे, असं दिसलं की दोनपैकी एक कारण: पोर्ट १०० चं आहे, किंवा वायर. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात. घाईत टोक बसवणारे कधीकधी चारच जोडतात, आणि चार तारांवर १०० च चालतं. म्हणून खोक्यावर ‘गिगाबिट’ हा शब्द शोधा, ‘फास्ट इथरनेट’ किंवा ‘१०/१००’ दिसलं तर समजून घ्या. प्लॅन १०० च्या आतला असेल तर मात्र ते चालतं, उगाच नाक मुरडू नका.

किमतीचा अंदाज द्यायचा तर, एकाच बँडचा ‘एन३००’ राउटर हजाराच्या आसपास मिळतो. तो आज घेऊ नका, फुकट मिळाला तरी विचार करा. गिगाबिट पोर्टवाला साधा वायफाय ६ राउटर साधारण दोन ते तीन हजारांत येतो आणि बहुतेक घरांना तेवढा पुरे. यूएसबी पोर्ट, गेमिंगचे लाल दिवे, ॲपमधून आवाजी हुकूम, हे सोडून द्या. त्याऐवजी कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलचं शेवटचं फर्मवेअर कधी आलंय ते बघा. दोन वर्षांत काहीच नसेल तर दुसरं मॉडेल शोधा. खाली चिकटवलेल्या लेबलवर हार्डवेअर व्हर्जनही असतं. एकाच नावाच्या व्ही१ आणि व्ही४ मध्ये आतला माल वेगळा असू शकतो.

जागा: फुकटचा अपग्रेड

फायबर जिथून घरात शिरतं तिथेच डबा बसवून लाइनमन निघून जातो. ती जागा त्याच्या सोयीची असते. टीव्हीच्या मागे, माळ्यावर, लोखंडी कपाटाच्या कडेला, फिश टँकच्या शेजारी, मोठ्या आरशामागे: या सगळ्या जागा वाईट. धातू सिग्नल परतवतो आणि पाणी शोषतो. डबा घराच्या मध्याकडे, छातीच्या उंचीवर, उघड्यावर ठेवा. देवघराच्या वरच्या फळीवर ठेवलेला राउटर सातारच्या एका घरात बघितला, आणि खरं सांगते, जागा एकदम बरोबर होती.

सरळ उभी अँटेना आडव्या दिशेने पसरवते, मेदुवड्यासारखी. टोकाच्या वर आणि बुडाच्या खाली कमी. वरच्या मजल्यावरही हवं असेल तर दोनपैकी एक अँटेना आडवी करा.

एका घराचा हिशोब

माझ्या मावशीचं घर इचलकरंजीला, तळमजला अधिक एक. फायबर रस्त्याच्या बाजूने हॉलमध्ये येतं, डबा टीव्हीखालच्या कप्प्यात. मावसबहीण वरच्या मागच्या खोलीत बसते. कॅम्पस प्लेसमेंटच्या पहिल्या राउंडला तिचा व्हिडिओ तीनदा गोठला, शेवटी कॅमेरा बंद ठेवून बोलावं लागलं. दुसरा राउंड आठ दिवसांवर. ऑपरेटरचा माणूस म्हणाला, २०० चा प्लॅन घ्या. दुकानदाराने सहा अँटेनांचा साडेसहा हजारांचा राउटर दाखवला. ‘ताई, बाबा पैसे द्यायला तयार आहेत, पण हे घेऊन चालेल याची खात्री आहे का?’ असा तिचा मेसेज आला.

मी त्याच शनिवारी गेले. हॉलमध्ये ५ गिगाहर्ट्झवर ९६ एमबीपीएस, म्हणजे लाइन उत्तम. जिन्याच्या तोंडाशी उणे ६४. वरच्या खोलीत ५ गिगाहर्ट्झ उणे ८३, म्हणून फोन आपोआप २.४ वर घसरायचा. तिथे ६ ते ८ एमबीपीएस आणि पिंग कधी ३० तर कधी ४००. मधे एक स्लॅब आणि दोन भिंती. २०० चा प्लॅन घेतला असता तर हॉलमध्ये २०० आले असते, वर तेच ७. आणि सहा अँटेनांच्या राउटरलाही स्लॅब तोच आडवा आला असता. शिवाय वायफाय दोन्ही बाजूंनी चालतं: राउटर कितीही मोठ्याने ओरडला तरी फोनला उलट उत्तर द्यायचं असतं आणि फोनचा आवाज लहानच.

आम्ही २० मीटर कॅट६ केबल घेतली, साधारण ५०० रुपये. ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने जिन्याच्या कडेने पट्टी मारून ती वर नेली, ४०० रुपये. वर एक साधा ड्युअल बँड एसी१२०० राउटर, दीड हजाराचा, १०० वाल्या पोर्टचा, कारण प्लॅनच १०० चा. त्याला ॲक्सेस पॉइंट मोडवर टाकलं. खालच्याच वायफायचं नाव, तोच पासवर्ड. एकूण २४०० रुपये. वरच्या खोलीत ९१ एमबीपीएस, पिंग स्थिर. मावशीचं म्हणणं एकच होतं, ‘अगं, पट्टी भिंतीच्या रंगाची मिळाली नाही का?’

दुसरा राउंड ४० मिनिटं चालला, एकदाही तुटला नाही. प्रश्न अवघड होते, असं ती म्हणाली, ते वेगळं.

जुन्या राउटरवर ॲक्सेस पॉइंट मोडचं बटण नसेल तरी हे जमतं. त्याचा आयपी पत्ता बदलून मुख्य डब्याच्या रांगेतला पण वेगळा करा, उदाहरणार्थ मुख्य १९२.१६८.१.१ असेल तर याला १९२.१६८.१.२. मग त्याचं डीएचसीपी बंद करा. केबल त्याच्या ‘वॅन’ पोर्टमध्ये न लावता ‘लॅन’ पोर्टमध्ये लावा. दोन्ही डब्यांचे चॅनेल वेगळे ठेवा: २.४ वर एकाला १, दुसऱ्याला ११. ५ वर एकाला ३६, दुसऱ्याला १४९. मधले ५२ ते १४४ हे चॅनेल रडारसोबत वाटून घेतलेले आहेत. तिथे राउटर आधी थांबून ऐकतो आणि रडार जाणवलं तर चॅनेल सोडून पळतो. घरी ती कटकट नको.

भिंतीला हात लावता येत नसेल तर

भाड्याच्या फ्लॅटमध्ये घरमालक खिळाही मारू देत नाहीत. दाराखालून जाणारी चपटी केबल हा पहिला पर्याय, दिसायला बरी नसली तरी. नाहीतर मेश घ्या: दोन-तीन डबे एकमेकांशी बोलून एकच वायफाय पसरवतात. दोन डब्यांचा संच साधारण पाच हजारांपासून पुढे. दुसरा डबा जिथे नेट येत नाही त्या खोलीत ठेवायचा नसतो, ही गंमत आहे. तो अर्ध्या वाटेत ठेवायचा, जिथे पहिल्याचा सिग्नल अजून उणे ६५ च्या आसपास आहे.

हजार-बाराशेचा प्लगमध्ये लावायचा रिपीटर हा शेवटचा पर्याय. तो ऐकतो आणि तेच पुन्हा बोलतो, बहुतेक वेळा त्याच चॅनेलवर, त्यामुळे स्पीड साधारण निम्मा होतो. टीव्हीला, सीसीटीव्हीला चालेल. कॉल आणि गेमसाठी घेऊ नका.

कंपनीच्या डब्यामागे स्वतःचा राउटर

ओएनटीच्या लॅन पोर्टमधून नव्या राउटरच्या वॅन पोर्टमध्ये केबल. बहुतेक घरांत एवढ्यावर नेट सुरू होतं. आता दोन राउटर एकामागे एक झाले. ब्राउझिंग, यूट्यूब, कॉल यांना फरक पडत नाही, काही गेम आणि घरचा सीसीटीव्ही बाहेरून बघणं अडू शकतं. तसं झालं तर नव्या राउटरला ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका, किंवा ऑपरेटरला ओएनटी ब्रिज मोडवर टाकायला सांगा. मात्र ऑपरेटर अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक आयपी देत असेल, तर पोर्ट फॉरवर्डिंग कशानेच चालणार नाही. ते त्याच्याकडून स्टॅटिक आयपी घेऊनच सुटतं.

जुन्या डब्याचं वायफाय बंद करायला विसरू नका, नाहीतर एकाच कपाटावर दोन डबे एकमेकांवर ओरडत बसतात.

स्थानिक केबलवाल्याचं कनेक्शन असेल तर त्यात बऱ्याचदा पीपीपीओई नावाचं युजरनेम आणि पासवर्ड असतो. रीसेटच्या बारीक भोकात टाचणी घालण्याआधी तो लिहून घ्या किंवा फोन करून मागा. रविवारी रात्री रीसेट मारला आणि केबलवाल्याचा फोन बंद, तर सोमवारचं ऑफिस मोबाइल डेटावर. काही ऑपरेटर जुन्या राउटरचा मॅक पत्ताही बांधून ठेवतात, तेव्हा नवा लावल्यावर त्यांना तो बदलायला सांगावं लागतं.

लाइट गेल्यावर

फायबरच्या तारेला वीज लागत नाही, डब्यांना लागते. राउटरसाठी छोटे मिनी यूपीएस मिळतात, साधारण हजार ते दीड हजार. घेताना ॲडॉप्टरवरचं लेबल वाचा: बहुतेक ओएनटी १२ व्होल्टचे असतात, काही राउटर ९ व्होल्टचे. व्होल्ट अगदी जुळले पाहिजेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त.

जाहिरातीतल्या ‘८ तास बॅकअप’ वर जाऊ नका, स्वतः गुणाकार करा. ८८०० एमएएच हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, म्हणजे सुमारे ३२ वॅट-तास. डबा १० वॅट खात असेल तर कागदावर तीन तास, प्रत्यक्षात अडीच. ओएनटी आणि राउटर दोन्ही त्यावर असतील तर त्याच्या निम्मे. घरात इन्व्हर्टर असला तरी मिनी यूपीएस कामाला येतो, कारण इन्व्हर्टर चालू होतानाच्या झटक्यात काही ओएनटी रीस्टार्ट होतात आणि पुन्हा लाइन धरायला दोन-तीन मिनिटं घेतात. मीटिंगमध्ये ती दोन मिनिटं फार मोठी असतात.

नवा लावल्या दिवशी करायच्या गोष्टी

सेटिंग्जचा ‘ॲडमिन’ पासवर्ड बदला. हा वायफायच्या पासवर्डहून वेगळा असतो. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने जगभरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते याच कंपनीने दिलेल्या मूळ पासवर्डांच्या जोरावर. सुरक्षा डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ मिश्र ठेवा, म्हणजे जुना प्रिंटर आणि टीव्हीही चालतील. डब्ल्यूपीएस बंद. फर्मवेअर आपोआप अपडेट होण्याचा पर्याय असेल तर चालू. स्मार्ट बल्ब, सीसीटीव्ही आणि पाहुणे यांना गेस्ट नेटवर्कवर घाला. स्मार्ट बल्ब आणि प्लग बहुधा २.४ वरच जोडले जातात, त्यामुळे दोन्ही बँडचं नाव एकच ठेवलं आणि बल्ब जोडत नसेल तर तेवढ्यापुरतं ५ बंद करा.

जुना राउटर ड्युअल बँड असेल तर वर सांगितल्याप्रमाणे ॲक्सेस पॉइंट करून दुसऱ्या खोलीत लावा. एकाच बँडचा असेल तर टीव्ही आणि कम्प्युटरला वायर द्यायला साधा स्विच म्हणून चालतो. कुणाला द्यायचा किंवा ई-कचऱ्यात टाकायचा असेल तर आधी दहा सेकंद रीसेट दाबून ठेवा. आत तुमचा वायफाय पासवर्ड आणि केबलवाल्याचं लॉगिन दोन्ही अजून तसंच असतं.